हातावरचं दही

ज्याने माझी झोप खाल्ली त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. भीड वाटते म्हणून नव्हे, आणि माणूस गेला म्हणूनही नव्हे. नाव छापून आलेलं त्याला फार आवडलं असतं. कोर्टाच्या कागदावर आपलं नाव दिसलं की तो त्याच्यावरून बोट फिरवून बघायचा. तेवढंही सुख मी त्याला देणार नाही. तो माझ्या वडिलांचा मावसभाऊ, वयाने मोठा, धामणगाव बढ्याचा, आणि मी त्याला काकाजी म्हणायची. एवढी ओळख पुरे.

आमचं घर नांदुऱ्याला, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. ज्याचं घर स्टेशनाजवळ त्याला नातेवाईक मोजता येत नाहीत. वडील कापसाच्या जिनात कारकून होते आणि हंगामात त्यांना रात्रपाळी असायची. मायला दमा होता. मी एकटीच, आणि मी चौदा वर्षांची. शाळेच्या भिंतीवर नकाशा होता, त्यात वऱ्हाड मध्यप्रांताला चिकटून बसलेलं. त्या नकाशावर नांदुऱ्याच्या जागी एक बारीक टिंब होतं. त्या टिंबात निम्मा जिल्हा रात्री मुक्कामाला यायचा, आणि तो आमच्या घरी.

कारण पहाटेची गाडी. अकोल्याकडे जाणारी पॅसेंजर साडेचारच्या सुमारास लागायची. खेड्यातून बैलबंडीने येणारा माणूस काही चारला स्टेशनावर पोचत नाही. तो आदल्या संध्याकाळी यायचा, हातपाय धुवायचा, ओसरीवर बसायचा आणि म्हणायचा, "सकायची गाडी धरायची हाये." मग त्याचं जेवण. मग त्याचं अंथरूण, ते बहुतेक माझंच. मग रात्री अकरापर्यंत त्याच्या गप्पा, आणि मधूनमधून "पोरी, पानी आन." तीनला उठून चूल पेटवायची, दुधात पीठ भिजवून दशम्या करायच्या, जवसाच्या चटणीबरोबर त्या फडक्यात बांधून द्यायच्या. आमच्या दारातून प्रवासाला गेलेला माणूस शिदोरीशिवाय गेला असं कोणी म्हणालं असतं, तर वडिलांना गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. धूर मायला सोसत नव्हता. म्हणून चूल माझी.

तरी हेही मी सहन केलं असतं. आठवड्यातून एखादी रात्र कोणीही काढतं. माझा घात केला तो दह्याने.

महत्त्वाच्या कामाला निघणाऱ्याच्या उजव्या तळव्यावर चमचाभर दही ठेवायचं आणि ते चाटून त्याने मागे न बघता जायचं, ही आमच्याकडची रीत. ते दही घरची सवाष्ण देते, नाहीतर कुमारिका. काकाजीचा त्याच्या सख्ख्या भावाशी शेताच्या धुऱ्यावरून दावा चालला होता. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. दोन हात रुंदीच्या त्या पट्टीवर बाभळीशिवाय काही उगवत नव्हतं, पण दोघं भाऊ तिच्यासाठी अकोल्याच्या कोर्टात सहा वर्षं झिजत होते. धामणगाव बढ्याहून मलकापूरचं स्टेशन काही लांब नाही. पण मलकापुरात त्याला फुकटातला भाऊ नव्हता, म्हणून तो नांदुऱ्याला यायचा. एका पहाटे मायला दम लागला होता, ती उठू शकली नाही. मी दही दिलं. त्या दिवशी कोर्टात विरुद्ध बाजूचा साक्षीदार उलटला.

साक्षीदार का उलटला हे काकाजीला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. पण परत येताना तो स्टेशनावरून सरळ आमच्या ओसरीवर आला आणि चार माणसांसमोर म्हणाला, "पोरीच्या हाताले गुण हाये. आता माह्या हातावर दही हिनंच द्याचं."

त्या एका वाक्याने माझी दोन वर्षं खाल्ली. हातगुण ही चीज आमच्या भागात अंगावर गोंदल्यासारखी पक्की बसते. पुढच्या महिन्यात काकाजीबरोबर त्याचा व्याही आला, मुलाच्या नोकरीच्या अर्जासाठी. त्याच्यामागून व्याह्याच्या गावचे दोघं. मग एक बाई डोळे दाखवायला निघालेली, एकजण मुलगी बघायला निघालेला, एकजण गुरांच्या बाजाराला. पूर्वी आठवड्यातून एकदा येणारे पाहुणे आता चार-चार रात्री येऊ लागले. दशम्या कोणीही करून दिल्या असत्या तर त्यांना चालल्या असत्या. दही मात्र त्यांना माझ्या हातचंच हवं होतं, आणि ते झोपेत देता येत नाही.

चौदा-पंधराव्या वर्षीची झोप काय असते ते म्हातारी माणसं विसरतात. रात्री ती लवकर येत नाही. दहाला अंग टाकलं तरी डोळे टक्क उघडे, डोक्यात नाही नाही ते विचार. आणि पहाटे ती अशी घट्ट धरते की हाडं सुटून येतील पण झोप सुटत नाही. नेमकी ती पहाटेची झोप माझ्याकडून काढून घेतली होती. चुलीसमोर बसल्या बसल्या माझं कपाळ दोनदा तव्याला टेकलं. एक डाग अजून आहे, डाव्या भुवईवर. आरशात बघते तेव्हा मला अजूनही तो माणूस आठवतो, आणि आठवला की माझं तोंड कडू होतं.

शाळेत मी झोपायची. आमच्या बाई कडक होत्या, बाकावर उभं करायच्या. मी बाकावर उभ्या उभ्या झोपले आणि पुढच्या मुलीच्या अंगावर पडले. सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला मधल्या सुट्टीत थांबवून विचारलं, "रात्री काय करतेस?" मी म्हटलं, "दही देते." त्यांना वाटलं मी उद्धटपणा करते आहे, आणि हातावर एक छडी बसली. गुणाच्या हातावरच बसली, याचं मला तेव्हाही बरं वाटलं.

ते माझं सातवीचं वर्ष होतं. व्हर्न्याक्युलर फायनलची परीक्षा, केंद्र खामगावला. वडिलांनी मला एकच शब्द दिला होता. फायनल पास झालीस तर अमरावतीला मास्तरणीच्या ट्रेनिंगला पाठवीन, नाही झालीस तर जे स्थळ सांगून येईल ते. वडील शब्द मोडणारे नव्हते, दोन्ही बाजूंनी. म्हणजे माझं पुढचं सगळं आयुष्य त्या परीक्षेवर होतं, परीक्षा अभ्यासावर, आणि अभ्यास झोपेवर. गणिताची वही उघडली की आकडे मुंग्यांसारखे चालू लागायचे.

मी वडिलांना सांगून बघितलं. ते म्हणाले, "आल्या-गेल्याले नाही कसं म्हणावं?" मी काकाजीलाही सांगून बघितलं. म्हटलं, काकाजी, मायच्या हातचं दही घ्या ना, माझी परीक्षा आहे. तो हसला आणि वडिलांकडे बघून म्हणाला, "पोरीले लय झोप येऊन राह्यली. सासरी कसं होईन हिचं?" त्याच्याबरोबरचे सगळे हसले. त्या हसण्याचा मी सूड घ्यायचं ठरवलं. असं ठरवलं हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

काकाजीला तपकिरीचं व्यसन होतं. शिंगाची काळी डबी नेहमी त्याच्या बंडीत, म्हणजे अंगातल्या बिनबाह्यांच्या बंडीच्या खिशात असायची. तोंड धुवायला जाताना तो ती कोनाड्यात ठेवायचा. पौषातली एक पहाट होती. दाव्यात त्या दिवशी त्याचा स्वतःचा जबाब व्हायचा होता, आणि न्यायाधीशाने बजावलं होतं की या तारखेला हजर राहा, पुढची तारीख मिळणार नाही. हे त्यानेच रात्री सगळ्यांना तीनदा सांगितलं होतं. मी दशम्या थापत होते. तो मागे न्हाणीत चूळ भरत होता. मी पिठाच्या हातानेच उठले, डबी उघडली, चिमूटभर तपकीर पदराच्या टोकात घेतली आणि डबी होती तशी ठेवली.

तो उंबऱ्याशी आला. जोडे घातले. पागोटं ठीक केलं, उजवा हात पुढे केला. मी दही ठेवलं. त्याने चाटलं. त्याने उंबऱ्याबाहेर पाय टाकला, आणि मी पदर नाकाशी नेला.

तशी शिंक मला पुन्हा कधी आली नाही. ओसरीवरचा कंदील हलला असेल. निघताना शिंक झाली तर माणसाने पुढे जायचं नसतं. परत फिरायचं, जोडे काढायचे, बसायचं, पाणी प्यायचं, थोडा वेळ जाऊ द्यायचा. काकाजी परत फिरला. जोडे काढून बसला. मी त्याला पाणी दिलं, अगदी नम्रपणे. तो उठला, जोडे घातले, आणि मी पुन्हा शिंकले. दुसरी शिंक मी मुद्दाम काढली नव्हती. तपकीर कडक होती.

तो दुसऱ्यांदा बसला तेव्हा गाडीने शिट्टी दिली. आमच्या ओसरीवरून डब्यांचे दिवे दिसायचे. आम्ही दोघांनीही ते जाताना पाहिले. त्याचं तोंड मी डोळे भरून बघितलं. ते आठवून पुढे कित्येक रात्री मी सुखाने झोपले.

निकाल एकतर्फी झाला, त्याच्या भावाच्या बाजूने. धुरा गेला. काकाजीने गावोगाव सांगितलं की पोरीचा हातगुण संपला, आता ती अपशकुनी आहे. मला 'शिंकरी' हे नाव पडलं. मायला वाईट वाटलं. मला नाही. एक-एक करत पाहुणे आटले. अपशकुनी मुलीच्या घरून कोण कामाला निघेल? त्यांनी दुसरे नातेवाईक शोधले, काहीजण चक्क स्टेशनावर जाऊन झोपले, आणि स्टेशनावर झोपता येतं हा शोध त्यांना इतक्या वर्षांनी लागला.

मी झोपू लागले. पहिले आठ दिवस तर मी जेवताना झोपत होते. मग हळूहळू सकाळ म्हणजे काय ते कळलं. जिनाचा भोंगा सहाला व्हायचा, तोपर्यंत मी मेल्यासारखी. वहीतले आकडे जागेवर उभे राहू लागले. त्रैराशिकं सुटली. बाईंनी एकदा माझी वही सगळ्या वर्गाला दाखवली. तीन महिने मी राणीसारखी झोपले आणि त्या तीन महिन्यांत माझ्या अंगाची आपोआप उठण्याची सवय साफ मोडली. हे माझ्या लक्षात आलं नाही. काकाजीच्या लक्षात आलं असावं.

परीक्षेला बाई आम्हा पाच मुलींना घेऊन जाणार होत्या. पहाटेच्या त्याच पॅसेंजरने जलंब, तिथून खामगावच्या फाट्यावरची गाडी. चारला स्टेशनावर जमायचं ठरलं होतं. आदल्या संध्याकाळी काकाजी दारात उभा. मी त्याला तीन महिन्यांत पाहिलं नव्हतं. त्याला दुसऱ्या दिवशी नांदुऱ्याच्याच बाजारात काम होतं म्हणे. वडिलांची रात्रपाळी होती. माय संध्याकाळपासून उशीला टेकून बसलेली, श्वास लागलेला. जेठ, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, आणि भावजय एकमेकांशी थेट बोलत नाहीत, म्हणून तो भिंतीकडे तोंड करून मला म्हणाला, "तुह्या मायले सांग, औषध घेऊन नीज म्हना. माह्यापाशी घड्याळ हाये. मले तसंही तीनले जाग येते. पोरीले मी उठवतो."

मी त्याच्याकडे बघितलं. तो हसला, प्रेमाने. म्हणाला, "झालं-गेलं सोड. तू शिकली तं आपल्याच घरचं नाव."

आणि मी विश्वास ठेवला. आयुष्यात इतक्या लोकांना मी उठवलं, मला उठवतो असं म्हणणारा तो पहिलाच माणूस होता. कोणीतरी आपल्यासाठी जागं राहणार या कल्पनेनेच मला गाढ झोप लागली. या एका गोष्टीचा राग मला त्याच्यापेक्षा स्वतःचा जास्त येतो.

जाग आली ती जिनाच्या भोंग्याने. खिडकीतून उजेड आला होता. माय औषधाच्या गुंगीत होती. मी ओसरीवर धावले. काकाजी अंघोळ करून, गंध लावून बसला होता. मांडीवर शिंगाची काळी डबी. तिच्या झाकणावर पिठाच्या बोटांचे दोन ठसे होते, वाळून पांढरे झालेले. तीन महिने त्याने ते पुसले नव्हते.

"उठवाले आलो होतो मी," तो म्हणाला. "दाराशी आलो आन् शिंक आली. म्हटलं थांबाव. पुन्हा आलो, पुन्हा शिंक आली. अशा वक्ताले पोरीले घराबाहेर कसं काढाव?"

मग त्याने चिमूटभर तपकीर ओढली आणि माझ्यासमोर शिंकून दाखवलं.

बाईंनी स्टेशनावरून हमाल पाठवला होता, हे मला नंतर त्यांच्याकडून कळलं. काकाजीने त्याला ओसरीवरूनच परत लावलं. पोरगी येत नाही, निघताना अपशकुन झाला, म्हणून सांगितलं. मी अनवाणी मोटारस्टँडवर पळाले. खामगावची मोटार भरेपर्यंत सुटायची नाही. ती दहाला भरली. मी परीक्षेच्या शाळेशी पोचले तेव्हा गणिताचा पेपर निम्मा झाला होता. फाटकावरच्या गृहस्थांनी घड्याळ दाखवलं. मी फाटकाचे गज धरून उभी राहिले, आणि आतून बाकावर वाकलेल्या आमच्या वर्गातल्या मुलींच्या पाठी मला दिसत होत्या.

वडील मोठ्या भावाला काय बोलणार? पण मायने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही, तेव्हा ते म्हणाले, बरं, अजून एक वर्ष. मला वाटलं, त्याचा सूड घेऊन झाला, हिशोब मिटला. मी त्याला ओळखलंच नव्हतं.

त्याने गावोगाव जाऊन सांगितलं की शिंक खोटी होती. पोरीने तपकीर ओढली होती. हातगुण शाबूत आहे, पहिल्यापेक्षा वाढलाय म्हणा. स्वतःची फजिती उघड करून सांगितली त्याने, लोकांबरोबर हसला, आणि आठ दिवसांत आमच्या ओसरीवर पुन्हा अंथरुणं पडली. आता तर मोताळ्याकडचे अनोळखी लोकही येऊ लागले. सगळ्यांना ती गोष्ट ठाऊक. दही घेताना ते हसायचे आणि म्हणायचे, "शिंकजो नोको बरं, बाई." मी तीनला उठायची. दशम्या थापायची. त्या वर्षी माझा दुसरा डाग पडला, मनगटावर.

दुसऱ्या परीक्षेला तीन आठवडे राहिले होते. काकाजीने वरच्या कोर्टात अपील केलं होतं आणि दुसऱ्या दिवशी त्याची सुनावणी. तो आला, बरोबर दोघे पाहुणे. रात्री जेवताना तो मला म्हणाला, "उद्या दही जरा मोठं देजो." माय माजघराच्या दाराआडून ऐकत होती. मी मनात ठरवलं होतं. उद्या दही डाव्या हाताने द्यायचं. पहाटेच्या अंधारात, कंदिलाकडे पाठ करून दिलं तर कोणाला दिसणार? त्याच्या तळव्यावर डाव्या हाताचं दही पडेल, तो ते चाटेल, आणि फक्त मला ठाऊक असेल. हे ठरवून मी माजघरात मायच्या शेजारी आडवी झाले. तीनला उठायचं, असं अंगाला बजावलं.

डोळे उघडले तर ऊन माझ्या पायांवर आलं होतं.

मला वाटलं, आज परीक्षा आहे, पुन्हा चुकली. मी धडपडून उठले आणि तेव्हा मला माय दिसली. ती माजघराच्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसली होती. दाराला आतून कडी, आणि कडीला मुसळ आडवं. तिचा श्वास जोरात वाजत होता, ओठ निळसर पडले होते. रात्रभर ती तशीच बसलेली होती. तिच्या मांडीवर दह्याची वाटी होती, आणि त्यातलं निम्मं दही तिने खाल्लं होतं.

पहाटे काय झालं ते मला वडिलांनी सांगितलं, त्यांना पाहुण्यांनी. ते पाळी संपवून आले तेव्हा तिघं पाहुणे ओट्यावर बसलेले, काकाजी संतापाने लाल. तीनला त्याने माजघराचं दार वाजवलं होतं. पुन्हा वाजवलं. "पोरी, ऊठ, गाडी जाईन." मग आतून आवाज आला, आणि तो पोरीचा नव्हता. सतरा वर्षांच्या संसारात माझी माय तिच्या जेठाशी एक शब्द थेट बोलली नव्हती. तिच्या सावलीनेही त्याला ओलांडलं नव्हतं. ती दाराआडून म्हणाली, "पोरगी झोपली हाये. मी तिले उठवनार नाही."

त्याला आधी कळलंच नाही की हे कोण बोलतंय. मग तो म्हणाला, "मंग दही कोन देईन?"

"बाजारात भेटते," माय म्हणाली.

त्याने दारावर धक्के मारले. वडील सांगत होते की पाहुणे सुद्धा मध्ये पडले, म्हणाले चला, दह्याशिवाय चला. पण तो दह्याशिवाय उंबरा ओलांडायला तयार नव्हता. स्वतःच पसरवलेल्या गोष्टीत तो असा अडकला होता की पाय निघेना. गाडी आली, थांबली, गेली. त्याने ती ओसरीवर बसून ऐकली, मायने दाराला टेकून ऐकली. मी मात्र मायच्या समोर, त्याच्यापासून एका कडीपलीकडे, घोरत होते.

अपिलाचं काय झालं म्हणाल तर फारसं काही नाही. पुढची तारीख मिळाली. तो हरला नाही याचं मला वाईट वाटलं, आजही वाटतं. पण भावजय जेठाच्या तोंडावर बोलली, ही बातमी शिंकेपेक्षा वेगाने पसरली. ज्या घरची बाई दाराला मुसळ लावून बसते त्या घरी मुक्काम कसा करायचा? पाहुणे बंद झाले ते कायमचे. काकाजी पुढे मलकापूरहून गाडी धरू लागला. मी फायनल पास झाले, अमरावतीला गेले, बत्तीस वर्षं शिकवलं. वर्गात डोळा लागलेल्या मुलीला मी कधीच उठवलं नाही, इन्स्पेक्टर समोर बसला असला तरी.

पण त्या सकाळचं मला अजून सलतं. दोन वर्षं मी ज्या क्षणाची वाट बघत होते, तो माझ्या डोक्यापासून दोन हातांवर घडला, आणि मी झोपेत होते. मी मायच्या पाठीला हात लावला. तिची पाठ दाराच्या लाकडाने गार पडली होती. मी विचारलं, "माय, त्याचं तोंड कसं झालं होतं?"

श्वास जमवून ती म्हणाली, "दार उघडलंच नाही तं तोंड कसं दिसंन? नीज अजून थोडी."